वरच्या मजल्यावरची बेल

"घ्या! म्हातारी परत आपल्याच माथी मारली. अख्ख्या शहरात दुसरा डेपो नव्हता का यांना?"

जाडा कीत माझ्या कानाशी पुटपुटला. तोंडात शेवया, हातात चॉपस्टिक्स. आमच्या डेपोचं कॅन्टीन एवढं अरुंद आहे, की एकाने पुटपुटलेलं चौघांना ऐकू जातं.

समोर माझा नवरा बसला होता. त्यालाही ऐकू गेलं.

त्याने वाटी खाली ठेवली. अर्धी भरलेली वाटी.

एकोणतीस वर्षांच्या संसारात या माणसाने वाटीत काही टाकलेलं मी पाहिलं नव्हतं...

मी गोष्टी रचणारी बाई नाही. रचता आल्या असत्या, तर हिचा शेवट मी वेगळा केला असता. पुढे लिहिलंय ते जसं घडलं तसंच आहे. जागा हाँगकाँगमधलं तुएन मुन. दिवस तुङ-चीचा, म्हणजे हिवाळ्यातला सगळ्यांत छोटा दिवस, जेव्हा घरोघर सगळे एकत्र जेवायला बसतात. एक तुङ-ची सहा वर्षांपूर्वीची, आणि एक गेल्या डिसेंबरची.

रात्री-बिरात्रीचं काही नाही यात. दोन्ही वेळा संध्याकाळचे सहा वाजायचे होते.

म्हणूनच जास्त भीती वाटते.

मी बसस्टँडवर सुपरवायझर. सगळे मला यी-जे म्हणतात. जे म्हणजे ताई. माझा नवरा शू-साङ डबल डेकर चालवायचा. त्याला साङ-को म्हणत, म्हणजे साङदादा. आमच्याकडे बसच्या ड्रायव्हरला 'कॅप्टन' म्हणायची पद्धत आहे. घरी अर्थात कोणी म्हणत नाही.

आणि म्हातारी म्हणजे एक बस. एचएक्स ४०६.

डबल डेकरचंही एक आयुष्य असतं. नवी असते तेव्हा मानाचा रूट मिळतो. बोगद्यातून, पुलावरून, थेट शहरात. काही वर्षांनी तिच्याहून नवी येते. मग हिची बदली आमच्यासारख्या गावाबाहेरच्या डेपोत. वसाहत ते बाजार, बाजार ते वसाहत. मग नुसत्या गर्दीच्या वेळच्या दोन फेऱ्या. मग शाळेची पोरं. मग शिकाऊ कॅप्टन, जे तिचे गिअर ओरबाडतात. अठरा वर्षं भरली की परवाना संपला. भंगार.

"आपल्यासारखंच की," साङ म्हणायचा. "फक्त आपले फोटो काढायला फाटकावर कोणी येत नाही."

हे तो हसून म्हणायचा. तेव्हा तो हसायचा.

सहा वर्षांपूर्वी ४०६ आमच्या डेपोत होती आणि साङच तिचा कॅप्टन होता. बारा वर्षांची बस, पण दमट हवेत कुरकुरायची, म्हणून तेव्हापासूनच तिचं नाव म्हातारी. तिला एक खोड होती. वरच्या मजल्यावरची बेल आपोआप वाजायची. कोणी बटण दाबलेलं नसायचं, तरी टिंग.

"म्हातारीला उचकी लागली," आम्ही म्हणायचो.

कोणी लक्षही द्यायचं नाही.

आता एक नियम सांगते, कारण सगळं त्यावर आहे. शेवटच्या स्टॉपवर प्रवासी उतरले की कॅप्टनने जिना चढून वर जायचं. शेवटच्या रांगेपर्यंत चालायचं. कोणी झोपलंय का, काही विसरलंय का, बघायचं. मग खाली येऊन माझ्या खिडकीकडे बघून अंगठा वर करायचा. मी तक्त्यावर खूण करायची.

नियम चांगला आहे. पण दिवसाला चौदा फेऱ्या आणि पन्नाशीतले गुडघे.

कॅप्टनच्या डोक्यावर एक वाकडा आरसा असतो. त्यात वरचा मजला दिसतो. तर सगळे आरशात बघायचे, आणि बसल्या जागेवरून अंगठा वर करायचे. मीही खूण करायचे. सगळ्याच स्टँडवर हे असंच चालायचं.

आरशात उभी माणसं दिसतात. बसलेली दिसतात.

आडवी पडलेली दिसत नाहीत.

त्या तुङ-चीला साङने बसल्या जागेवरून अंगठा वर केला. मी खूण केली. सगळ्यांनाच घरी जायची घाई होती. माझं तांदळाचं पीठ भिजवलेलं होतं, त्याचे गोळे वळायचे होते, आल्याचा पाक करायचा होता. तो रिकामी बस डेपोत लावून आला. आम्ही जेवलो. त्याने तीन वाट्या खाल्ल्या.

सकाळी झाडूवाली वर गेली.

शेवटच्या दोन रांगांच्या मध्ये ताम आजी पडल्या होत्या. वय एकाहत्तर. त्यांचा थर्मास घरंगळत पार पुढच्या काचेशी गेला होता. त्यात गोळे होते. आल्याच्या पाकातले. लेकीकडे जेवायला निघाल्या होत्या, फू-लाय वसाहतीत.

लेक स्टॉपवर घ्यायला आली होती. सुएत-यिंग तिचं नाव. बस तिच्यासमोर थांबली. दार उघडलं. आई उतरली नाही. दार बंद झालं. तिला वाटलं, आई मागच्या बसने येईल. तिने आणखी चार बस बघितल्या...

चौकशी झाली. मला विचारलं, "कॅप्टन वर गेले होते?"

"हो," मी म्हणाले.

एवढंच. एक शब्द.

आजी सीटखाली सरकल्या असतील, म्हणून दिसल्या नसतील, असं ठरलं. दोष कोणाचाच नाही. डॉक्टरांना नेमकी वेळ सांगता आली नाही. डेपोतल्या प्रत्येकाने सुएत-यिंगला तेच सांगितलं, की आई क्षणात गेल्या असणार, त्यांना कळलंही नसणार.

ती साङपुढे येऊन वाकली. म्हणाली, "कॅप्टन, तुम्ही वर जाऊन बघितलंत म्हणून मनाला बरं वाटतं. तेव्हा आई गेलेलीच असणार. नाहीतर तिने तुम्हाला हाक मारली असती."

साङही वाकला. पुष्कळ वेळ वाकून राहिला.

त्या दिवसापासून त्याने जिना सोडला. विनंती करून बिनमजल्याच्या बसवर गेला. प्रवासी म्हणून डबल डेकरमध्ये चढला तरी खालीच उभा राहायचा. झोपेत एक हात कानावर ठेवायचा.

आम्ही त्यावर कधीही बोललो नाही. सहा वर्षांत एकदाही नाही. आमच्या घरात त्या संध्याकाळला शब्दच नव्हता.

बस दुसऱ्या डेपोत पाठवली. मला वाटलं, सुटलो.

पण बसवाल्यांच्या जगात बातम्या बसच्या आधी पोचतात.

आधी कळलं, की संध्याकाळी सहाच्या आगेमागे, वर कोणी नसताना, बेल वाजते. एकदाच. मग तिला शाळेच्या फेऱ्यांवर लावलं. पोरांना वरचा मजला म्हणजे जीव की प्राण. पण ही पोरं धावत वर जायची आणि तशीच खाली यायची.

"काय रे, काय झालं?" कॅप्टन विचारायचा.

"वर जागा नाही."

कॅप्टन आरशात बघायचा.

सगळ्या सीट रिकाम्या...

शाळेने दुसरी बस मागून घेतली. म्हातारी आणखी एक पायरी उतरली. शिकाऊ कॅप्टनांसाठी. आणि शिकवायचं मैदान आमच्याच डेपोला लागून.

तर अशी ती परत आली, आणि साङची वाटी अर्धी राहिली.

जाडा कीत आमचा इलेक्ट्रिशियन. भुताखेतांना मोजत नाही, पण घाबरतो सगळ्यांना. त्याने वरच्या मजल्यावरची सगळी बटणं काढली. वायर ओढून काढली. ती माझ्या खिडकीत आणून दाखवली.

"बघ यी-जे. बेल म्हणजे काय? बटण, वायर, घंटी. बटण नाही, वायर नाही. आता वाजली तर मी नाव बदलीन."

तीन दिवसांनी एक शिकाऊ बाई ४०६ चालवत होती. आधी मिनीबसवर होती, चांगली मुरलेली. मैदानातून रस्त्यावर आली आणि एका स्टॉपवर नीट थांबली, दार उघडलं, बंद केलं. शेजारी शिकवणारा होता. त्याने विचारलं, "का थांबलात?"

"बेल वाजली."

"वर कोणी नाहीये."

"आहे की. मघापासून त्यांचं काहीतरी इकडून तिकडे घरंगळतंय. सांगा त्यांना, पायाशी धरून ठेवा म्हणावं."

ही गोष्ट कॅन्टीनमध्ये आली तेव्हा कीतला नाव बदलायची आठवण कोणी करून दिली नाही. एरवी त्याला महिनाभर सोडलं नसतं.

मला दोनच गोष्टी हव्या होत्या. नवऱ्याची नोकरी नीट संपावी, आणि ती बस भंगारात जावी. साङ डिसेंबरअखेर निवृत्त होणार होता. बसचा परवाना संपत होता तुङ-चीच्या दिवशी. आता काही बाहेर आलं तर त्याची पस्तीस वर्षं मातीत, वर पोलीस. थोडे दिवस कळ काढायची, बस. एकदा तिचे तुकडे झाले की सांगणारं कोणी उरणार नाही...

असा विचार मी केला. लपवत नाही.

मग फळ्यावर कामाची यादी लागली. ४०६, शेवटची फेरी, डेपो ते युएन लाँगजवळचं भंगार आवार. दुपारी चार चाळीस.

कॅप्टन: मोक शू-साङ.

डबल डेकरचे बाकी कॅप्टन सणामुळे फेऱ्यांवर. मोकळा तो एकटाच.

"मी सांगतो वर," कीत म्हणाला. "तुम्ही आजारी पडा, साङ-को."

"मला काही झालेलं नाही."

"झालेलं नाहीच. खोटं सांगायचं. त्यात काय?"



कीतचे कान लाल झाले. तो उठून चहा आणायला गेला आणि परत आलाच नाही.

साङ माझ्याकडे बघत होता. "तू येशील बरोबर?" एवढंच म्हणाला.

तुङ-चीला दुपारी कीतने म्हातारीच्या पुढच्या चाकाशी उदबत्त्या लावल्या, तीन संत्री ठेवली. जाणाऱ्या प्रत्येक बससाठी लावतो. या वेळी मूठभर लावल्या. फाटकावर बसवेडे कॅमेरे घेऊन उभे. एकाने हाताने लिहिलेला फलक धरला होता, 'अठरा वर्षांबद्दल आभार'.

साङ सीटवर बसला. आरसा नीट केला. मग परत वाकडा केला, असा, की वरचं काही दिसू नये.

मी दाराजवळच्या सीटवर बसले.

"जिन्यापाशी नको," तो म्हणाला.

"नाहीये जिन्यापाशी."

निघालो. पाटीवर 'सेवेत नाही'. रिकामी डबल डेकर फार आवाज करते. प्रत्येक खिडकी वेगळी वाजते. मी मोठ्या रस्त्याची वाट बघत होते, पण त्याने डावीकडे वळवली. वसाहतींच्या रस्त्याला.

"मोठ्या रस्त्याने जा की. लवकर होईल."

"हिला मोठ्या रस्त्याची सवय राहिली नाही."

"तुला की हिला?"

त्याने वेग कमी केला.

पहिल्या वळणावर वर काहीतरी घरंगळलं.

मागून... पुढे. आणि काचेशी जाऊन टक् झालं.

"वर काही राहिलंय?" मी विचारलं.

"सकाळी सगळं काढून नेलं."

सिग्नलला बस थांबली. ते परत घरंगळत मागे गेलं. सावकाश. रस्ता सपाट होता.

मग वास आला. मी आधी मनाची समजूत घातली, आज घरोघर तेच शिजतंय. पण खिडक्या बंद होत्या, आणि वास बाहेरून येत नव्हता.

जिन्यावरून खाली येत होता.

आलं. गूळ. गरम.

"साङ..."

"आला मला."

टिंग.

कॅप्टनच्या समोर एक तांबडा दिवा असतो, कोणाला तरी उतरायचंय म्हणून लागतो. तो लागला. बटणं कीतच्या खणात होती. आजही आहेत. मी जाऊन पाहिली, मोजून पाहिली, वायरचं भेंडोळंही पाहिलं.

साङने पुढच्या स्टॉपला बस थांबवली. दार उघडलं. वाट बघितली.

एक म्हातारबुवा दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन पुढे आले.

"आजोबा, ही बस जात नाही," मी म्हटलं.

"मग उघडता कशाला दार? रिकामी नेतील, पण म्हाताऱ्या माणसाला घेणार नाहीत!"

"खरंच जात नाही हो. भंगारात चाललीय."

"भंगारात!" त्यांनी मान वर करून वरच्या खिडक्यांकडे बघितलं. "आणि ती वर बसलीय ती कोण? तिला बरं घेतलंत!"

साङने दार लावलं.

मी म्हटलं, "चल. थांबू नकोस आता कुठे. काहीही वाजलं तरी थांबू नकोस. अकरा दिवस राहिलेत रे."

त्याचा चेहरा मला अर्धाच दिसत होता. तो रडत नव्हता. पण घाम गळ्यापर्यंत आला होता, डिसेंबरात.

"यी," तो म्हणाला, "पुढे फू-लाय आहे."

"माहितीये मला."

"त्यांची लेक उभी असते तिथे. दर तुङ-चीला. मी दर वर्षी लांबून बघून येतो."

हे मला माहीत नव्हतं. दर तुङ-चीला तो मला सांगायचा, गुडघे मोकळे करून येतो.

खरोखरच ती होती. स्टॉपच्या छपराखाली, राखाडी कोट घालून. बाकीचे येणाऱ्या बसचे नंबर बघत होते. ती फक्त दारांकडे बघत होती.

"थांबू नकोस," मी म्हणाले. "तुझ्या पाया पडते."

बेल वाजली.

या वेळी एकदा नाही. कोणीतरी बटणावर बोट ठेवून दाबून धरावं, तशी. सलग. थांबेचना. मी कान झाकले तरी दातांत ऐकू येत होती.

साङने बस स्टॉपला लावली. अगदी नीट, फुटपाथला लागून. म्हाताऱ्या माणसांसाठी लावतात तशी.

दार उघडलं.

आणि जिन्यावर पाऊल वाजलं.

एक.

दोन.

तीन... मग थांबलं. जिना मध्यावर वळतो, तिथेच. पलीकडे कोणी असलं तर मला दिसलं नसतं. वळणाच्या अलीकडे कोणी नव्हतं. वास मात्र एवढा दाट, की डोळ्यांत पाणी यावं.

सुएत-यिंग दाराशी आली. तिने आधी नंबर वाचला, मग साङला ओळखलं. चेहरा पांढरा पडला.

"हीच ना ती, कॅप्टन?"

"हीच."

"आज शेवटची?"

"हो. शेवटचीच."

तिने दांडी धरली आणि एक पाय आत ठेवला. तिला ती बेल ऐकू येत होती की नाही, देव जाणे. ती माझ्याकडे बघून थोडीशी हसली. सहा वर्षांत केस पार पिकले होते तिचे.

"मी दर वर्षी इथे येते आणि तेच डोक्यात येतं," ती म्हणाली. "बस माझ्यासमोर उभी होती. मी वर का नाही चढले? मग मी स्वतःला सांगते, कॅप्टन तर चढले होते. त्यांनी बघितलं होतं. आई तेव्हा नव्हतीच. बरोबर ना? तुम्ही दोघं सांगा ना एकदा. एकदाच सांगा, मग मी इथे येणार नाही."

मी तोंड उघडलं. तो एक शब्द जिभेवर होता. सहा वर्षं वापरून गुळगुळीत झालेला शब्द.

"हो ना," मी सुरुवात केली, "मी स्वतः खिडकीतून..."

जिन्यावर आणखी एक पाऊल वाजलं.

इथे माझा हात अजून थांबतो. ते पाऊल खाली येत होतं की परत वर चाललं होतं, मला सांगता येत नाही. कीतने विचारलं, पोलिसांनी विचारलं, मी रोज स्वतःला विचारते. आमच्या इमारतीत आता मी जिन्याने जातच नाही, लिफ्ट बंद असली तर खाली बसून राहते. तेव्हा नीट ऐकता आलं नाही, कारण त्याच क्षणी साङने इंजिन बंद केलं. तांबडा दिवा विझला. खिडक्यांची थरथर थांबली.

बेल त्यानंतरही वाजत होती...

साङ सीटवरून उठला. टोपी काढली. तिच्यासमोर येऊन उभा राहिला, पण या वेळी वाकला नाही. तिच्या डोळ्यांत बघत होता.

"मी वर गेलो नव्हतो, बाई," तो म्हणाला. "माझ्या बायकोने पाहिलं, मी गेलो नाही ते. आणि डेपोत शिरताना वरून बेल वाजली होती. मी ऐकली. मला वाटलं, नेहमीची उचकी. मी म्हटलं, गप गं म्हातारे, मला घरी जायचंय. आणि दार लावलं."

बेल थांबली.

"तुमची आई जिवंत होती."